खेळापुरता शिष्य

शिष्यवृत्ती या शब्दाचा विग्रह आम्ही वर्गात किती वेळा करून दिला असेल त्याची गणती नाही. शिष्याची वृत्ती ती शिष्यवृत्ती. आणि वृत्ती याचा अर्थ येथे मनाचा कल असा न घेता, ज्याच्या योगाने मनुष्य निर्वाह करतो ते साधन, असा घ्यावयाचा. शिष्याने निश्चिंतपणे अध्ययन करावे, पोटाची विवंचना त्यास पडू नये, म्हणून कोणी धनिकाने, संस्थानिकाने अथवा सरकारने जे द्रव्य लावून दिले ती शिष्यवृत्ती. समासात शिष्य आधी आहे व वृत्ती मागून आली आहे. शिष्यत्व आहे तोवर वृत्ती चालावी, इतकाच त्यातील करार. परंतु अमेरिकेतील विद्यापीठांत एक शिष्यवृत्ती अशी आहे की, ती मिळते चेंडू लांब फेकता येतो म्हणून, उंच उडी मारता येते म्हणून, पाण्यातून वेगाने जाता येते म्हणून. आणि जाते तीही अभ्यासात कसूर झाली म्हणून जात नाही. क्रीडाशिक्षकाच्या, म्हणजे ज्यास तिकडे व आता इकडेही सारे कोच म्हणतात त्याच्या, मनातून विद्यार्थी उतरला की ती जाऊ शकते. हे न्याय्य आहे काय, हा वाद त्या देशात पन्नास वर्षे चालू आहे.

परक्या देशातील मैदानांवरची ही उठाठेव घरगुती मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर हे की, ती मैदाने आता तितकीशी परकी राहिलेली नाहीत. महाराष्ट्राची टेनिसपटू ऋतुजा भोसले ही टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली व त्याच्या संघातून खेळली; पुढे २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्यासमवेत तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ व २००८ अशी दोन वर्षे तेथील महाविद्यालयीन एकेरीचे अजिंक्यपद घेतले. दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात असता उंच उडीत २०१८ व २०२२ साली तसाच अजिंक्य ठरला. ही नावे वर्तमानपत्रांत येतात, आणि मग सांगली-कोल्हापुराकडच्या एखाद्या घरात, मुलीच्या हातात रॅकेट असली तर, रात्रीच्या जेवणानंतर तोच विषय निघतो.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. अमेरिकन फुटबॉल हा नावाचाच फुटबॉल. त्यात पायांपेक्षा हातांचे व खांद्यांचे काम अधिक. विसाव्या शतकाच्या आरंभी तो इतका दांडगाईचा झाला होता की, मैदानावर मुले दगावत. १९०५ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख महाविद्यालयांच्या मंडळींस बोलावून कानउघाडणी केली, आणि त्या खळबळीतून १९०६ साली महाविद्यालयांची एक मध्यवर्ती संस्था निघाली. तीच आजची नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एन.सी.ए.ए. खेळावे ते हौसेने, मोबदल्यासाठी खेळू नये, हे तिचे ब्रीद. पण ओठांवर ब्रीद आणि हातात पाकीट अशी स्थिती लवकरच झाली. चांगला खेळाडू आपल्याकडे ओढण्यासाठी माजी विद्यार्थी गुपचूप पैसे चारीत, बिनकामाच्या नोकऱ्या देववीत. १९४८ साली संस्थेने कडक नियम करून हे थांबविण्याचा प्रयत्न केला. तो तीन वर्षेही टिकला नाही. अखेर १९५६ साली, विद्यार्थी गरजू असो वा नसो, केवळ खेळातील गुणावर त्याची फी, राहणे, जेवण व पुस्तके यांचा खर्च देण्यास उघड परवानगी मिळाली. माजघरात चालले होते ते ओसरीवर आले, इतकाच फरक.

याच सुमारास इंग्रजीत एक नवा समास जन्मास आला: स्टुडंट-अॅथलीट, म्हणजे विद्यार्थी-खेळाडू. त्याची जन्मकथा दुःखाची आहे. कोलोरॅडो राज्यातील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू १९५५ साली सामन्यात डोक्यास मार लागून मरण पावला. कामावर असता मेलेल्या कामगाराच्या कुटुंबास जी भरपाई मिळते ती आपणांस मिळावी, असा त्याच्या पत्नीने दावा केला. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, सबब खेळाडू त्याचा नोकर ठरत नाही, असा निर्णय त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली दिला. पुढे वॉल्टर बायर्स या गृहस्थांनी, जे १९५१ पासून १९८७ पर्यंत एन.सी.ए.ए.चे कार्यकारी संचालक होते त्यांनी, १९९५ साली पुस्तक लिहून मोकळेपणे सांगितले की, खेळाडू हे नोकर ठरतील या भीतीपोटीच तो शब्द घडवून सर्वत्र रूढ करण्यात आला होता. म्हणजे समासाचा जन्म व्याकरणातून झाला नाही, वकिलीतून झाला.

आमच्या शास्त्रकारांनी अशा वागणुकीला अर्धजरतीयन्याय असे नाव देऊन ठेविले आहे. एकच स्त्री अर्धी वृद्ध व अर्धी तरुण मानावी, तशी ही सोयीची वाटणी. हाड मोडले, भरपाई द्यावयाची झाली, की तो विद्यार्थी. चेंडू हातून निसटू लागला, जागा दुसऱ्यास हवी झाली, की तो खेळाडू. आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. कोच चांगला की वाईट ही पुढची गोष्ट.

आता ज्या नियमाने हा वाद पेटला त्याकडे वळू. प्रथम शिष्यवृत्ती बहुधा चार वर्षांची, म्हणजे पदवी पुरी होईपर्यंतची, देत असत. १९७३ साली एन.सी.ए.ए.ने ठराव केला की, यापुढे ती एका वर्षाहून अधिक काळासाठी देऊ नये. वर्ष सरले की हवी तर पुढे चालू ठेवावी. वरवर पाहता नियम साधा दिसतो. प्रत्यक्षात त्याने सारी दोरी कोचच्या हाती गेली. सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन, त्याच्या आईच्या हातची कॉफी पिऊन, 'तुमचा मुलगा आमच्याकडे चार वर्षे राहील, पदवी घेऊन बाहेर पडेल' असे सांगणारा तोच, आणि वर्षाच्या अखेरीस कागदावर सही न करणाराही तोच. चालू वर्षात दुखापत झाली किंवा खेळ उतरला म्हणून पैसे बंद करू नयेत, पुढील वर्षी न देणे असल्यास १ जुलैपूर्वी लेखी कळवावे आणि विद्यार्थ्याने मागणी केल्यास त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढी वेसण नियमांत होती. पण जुलैत कळलेल्या मुलाने ऑगस्टात दुसरे विद्यापीठ कोठे शोधावे?

जोसेफ अॅग्न्यू याचे प्रकरण या बाबतीत बोधप्रद आहे. ते न्यायालयाच्या दप्तरी नमूद असल्यामुळे येथे सांगण्यास हरकत नाही. हा मुलगा २००६ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर दाखल झाला. ज्या कोचने त्याला आणले तो वर्षभरात दुसरीकडे निघून गेला. नवा कोच आला, मुलाला दुखापती झाल्या, आणि तिसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळणार नाही असे त्यास कळविण्यात आले. त्याने अपील करून ते वर्ष मिळविले. चौथ्या वर्षाचे मात्र मिळाले नाही. एक वर्षाचा नियम हाच बेकायदा आहे, असा दावा त्याने २०१० साली एन.सी.ए.ए.वर लावला. २०१२ साली सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. स्पर्धाविषयक कायद्याखाली दाद मागताना कोणत्या बाजारपेठेतील स्पर्धेला बाध आला हे फिर्यादीत मांडावे लागते, ते मांडले गेले नाही, हे कारण. मुलाशी न्यायाने वर्तन झाले की नाही, या प्रश्नाला न्यायालयाने हात घातलाच नाही. कायदा आणि न्याय यांचे असे पुष्कळदा होते; दोघे एका गावात राहतात, पण एकमेकांच्या घरी जातातच असे नाही.

कोचचीही बाजू ऐकली पाहिजे; एकतर्फी निकाल देण्याची खोड शिक्षकाला नसावी. प्रत्येक खेळात किती शिष्यवृत्त्या द्यावयाच्या याची मर्यादा २०२५ पर्यंत ठरलेली होती. वरच्या श्रेणीच्या फुटबॉलात ८५, मुलींच्या टेनिसात ८, आणि मुलांच्या टेनिसात साडेचार. हो, साडेचार! बेसबॉलची तर ११·७ होती. कोच ते अपूर्णांक मुलांत वाटून देत. कोणाला निम्मी, कोणाला पाव. (अपूर्णांकांचा व्यवहारात काय उपयोग, असे विचारणाऱ्या मुलांना सांगण्यास हे उदाहरण आम्हांस फार वर्षांपूर्वी मिळावयास हवे होते.) अशा मोजक्या जागांपैकी एक जागा न खेळणाऱ्याने चार वर्षे अडविली, तर बाहेर उभा असलेला दुसरा होतकरू गरीब मुलगा शिक्षणास मुकतो. शिवाय कोचची नोकरी संघाच्या विजयावर अवलंबून. दोन वर्षे संघ हरला की त्याच्याही हातात नारळ.

हा शेवटचा युक्तिवाद मात्र जरा तपासून घ्यावा. वर उल्लेखिलेल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ च्या नोव्हेंबरात आपले फुटबॉल कोच जिंबो फिशर यांस दूर केले, तेव्हा कराराप्रमाणे त्यांचे साडेसात कोटी डॉलरांहून अधिक देणे विद्यापीठाच्या अंगावर आले. नारळ दोघांनाही मिळतो खरा. पण एकाचा नारळ सोन्याचा व दुसऱ्याचा नुसती करवंटी. कोचने करार करताना जे मागून घेतले, ते सतरा वर्षांच्या मुलाला मागता येत नव्हते, कारण एक वर्षाहून अधिक देण्याची विद्यापीठास बंदीच होती.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. गणितात चमकला म्हणून ज्यास शिष्यवृत्ती मिळाली, त्याचे गुण ठराविक मर्यादेखाली गेले तर त्याची शिष्यवृत्ती बंद होते. त्याबद्दल कोणी अश्रू गाळीत नाही. मग खेळाडूविषयीच एवढी कळकळ का? या आक्षेपावर आम्ही बरेच दिवस विचार केला. गणितातल्या मुलाला आपली रेघ ठाऊक असते. साठ म्हणजे साठ. शेजारच्या बाकावर नवा मुलगा येऊन त्याने नव्वद मिळविले, म्हणून याचे साठ कमी होत नाहीत. गणिताचे मास्तर बदलले म्हणून उत्तर बदलत नाही. खेळाडूची रेघ मात्र आखलेलीच नसते. ती कोचच्या मनात असते आणि कोच बदलला की पुसली जाते. तो पहिल्या वर्षी होता तसाच तिसऱ्या वर्षी असला, किंबहुना सुधारलाही असला, तरी त्याच्याहून चांगला कोणी आला की तो पडतो. त्याचे गुडघे मोडतात तेही विद्यापीठाच्याच कामी. वाचनालयात अभ्यास करताना कोणाचा गुडघा मोडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा दोन्ही शिष्यवृत्त्यांचे नाव एक असले तरी त्यांचे काढून घेणे एक जातीचे नाही.

आमच्या पिढीच्या वाचकांस वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक असतील. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरचे अन्न खाऊन कित्येकांनी वेदाध्ययन केले, कित्येकांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. ते सारे सुखाचे होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. काही घरी पाटावर बसवीत, काही घरी वळचणीला; काही ठिकाणी जेवणाआधी विहिरीचे पाणी भरून घेत. पण एक रीत बहुधा पाळली जाई. एकदा मुलाला वार दिला की, त्याची परीक्षा होईपर्यंत तो काढून घेणे हे घराला कमीपणा आणणारे मानीत. 'तुझ्यापेक्षा चांगली संथा म्हणणारा दुसरा आला आहे, उद्यापासून तू येऊ नकोस,' असे कोणा गृहिणीने म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. द्रोणाचार्यांचेच पाहा. ते तर कौरवांकडून वृत्ती घेऊन शिकविणारे आचार्य. त्यांच्या हातून एकलव्याच्या बाबतीत जे झाले त्याचे समर्थन कोणी करू नये. पण झाडावरच्या पक्ष्याच्या परीक्षेत एकट्या अर्जुनास डोळा दिसला, बाकीच्यांस झाड दिसले, फांद्या दिसल्या, तेव्हा आचार्यांनी त्या साऱ्यांस बाण सोडू दिला नाही इतकेच; आश्रमातून घालविले नाही. धनुष्य खाली ठेवावयास लावणे आणि आश्रमातून काढणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. संघात कोणी खेळावे हे कोचने खुशाल ठरवावे, तो त्याचा अधिकारच आहे. विद्यापीठात कोणी शिकावे हे ठरविणारा तो कोण?

हा भेद तेथील विचारी लोकांसही पटू लागला होता. २०११ च्या अखेरीस एन.सी.ए.ए.ने अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्यास पुन्हा मुभा दिली. तीही सक्ती नव्हे, केवळ मुभा. तेवढ्यानेही पुष्कळ विद्यापीठे बिथरली आणि ठराव रद्द करण्यासाठी २०१२ च्या फेब्रुवारीत मतदान झाले. रद्द होण्यास ६२·५ टक्के मते हवी होती, पडली ६२·१२ टक्के. केसाच्या अंतराने सुधारणा वाचली. पुढे २०१५ च्या जानेवारीत सर्वांत श्रीमंत अशा पाच संघटनांतील विद्यापीठांनी ठराव केला की, केवळ खेळ खालावला या कारणास्तव कोणाची शिष्यवृत्ती कमी अथवा बंद करू नये. बाकीच्या शेकडो विद्यापीठांवर त्या ठरावाने ते बंधन पडले नाही.

येथे गोष्ट संपली असती तर आम्ही लेखणी खाली ठेविली असती. परंतु नियमाने दार बंद केले की रूढी खिडकी उघडते. काढून टाकता येत नाही ना, मग त्याने आपण होऊन जावे अशी व्यवस्था करावी. कोच बोलावून घेतो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, 'तुझ्या हिताचे सांगतो, येथे तुला खेळावयास मिळणार नाही.' २०१८ च्या ऑक्टोबरात एन.सी.ए.ए.ने विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची एक नोंदवही संगणकावर सुरू केली. तिला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. हेतू चांगला होता, विद्यार्थ्यास कोचच्या परवानगीवाचून जाता यावे. पण एकदा नाव नोंदविले की, सत्राच्या अखेरीस जुन्या विद्यापीठास शिष्यवृत्ती बंद करता येते. आणि नव्या विद्यापीठाने बोलाविलेच नाही तर मुलगा इकडचाही नाही व तिकडचाही नाही. २०२२ च्या डिसेंबरात कोलोरॅडो विद्यापीठाचे नवे कोच डीऑन सँडर्स यांनी पहिल्याच बैठकीत जुन्या खेळाडूंस सरळ सांगितले की, नवी माणसे मी बरोबर आणतो आहे, तुम्ही त्या नोंदवहीत नावे घाला. पुढील काही महिन्यांत डझनांवारी खेळाडू गेले. त्यांच्या स्पष्टवक्तेपणाची पुष्कळांनी तारीफ केली. खांद्यावर हात ठेवून सांगण्यापेक्षा ते बरे, हे आम्हीही मानतो. पण बरे म्हणजे न्याय्य नव्हे.

निःपक्षपातीपणाने हेही नमूद केले पाहिजे की, आता विद्यार्थीही कोचला सोडून जाऊ लागले आहेत. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्यास कित्येक खेळांत एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ साली एकदा व २०२४ पासून अभ्यासाची अट पाळून कितीही वेळा, असे न बसता बदलता येऊ लागले. चांगला खेळणारा अधिक पैसे देणाऱ्याकडे जातो. दोन्ही पक्ष मोकळे झाले खरे. पण जो चांगला खेळतो तो मोकळा होऊन वर जातो आणि जो मधला आहे तो मोकळा होऊन रस्त्यावर येतो.

२०२५ च्या जून महिन्यात तर जुने सोंग बहुतेक गळून पडले. हाउस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी तडजोड मंजूर केली. मागील खेळाडूंस सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि यापुढे विद्यापीठांनी खेळाडूंस प्रत्यक्ष पैसे द्यावे, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांची संख्यामर्यादा जाऊन तिच्या जागी संघातील माणसांचीच मर्यादा आली: फुटबॉलात १०५, बेसबॉलात ३४, टेनिसात १०. परिणाम असा झाला की, मंजुरी मिळण्यापूर्वीच कित्येक कोचांनी मर्यादेवरची मुले कमी करून टाकली. मुलांनी व त्यांच्या आईबापांनी न्यायाधीशांकडे पत्रे धाडली. न्यायाधीशबाईंनी एप्रिलात सांगितले की, या मुलांची काही सोय लागल्याखेरीज मी मंजुरी देणार नाही. कोट्यवधी डॉलरांची तडजोड संघातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलांसाठी काही आठवडे थांबली, याचे आम्हांस मोठे समाधान वाटले. अखेर ठरले ते असे की, अशी मुले मर्यादेत धरू नयेत. त्यांना परत घेणे न घेणे मात्र विद्यापीठाच्या इच्छेवर. म्हणजे दार उघडे ठेविले, आत बोलाविण्याचे बंधन नाही.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ जुन्या विद्यापीठांच्या संघटनेत, जिला आयव्ही लीग म्हणतात, खेळाच्या नावाने शिष्यवृत्ती देतच नाहीत. जे साहाय्य ते घरच्या परिस्थितीवरून. तेथे कोचने संघातून काढले, अथवा मुलाने आपण होऊन खेळ सोडला, तरी त्याची फी कोणी बंद करीत नाही. आम्हांस ही रीत सर्वांत स्वच्छ वाटते. पण ती विद्यापीठे गडगंज आहेत आणि त्यांत प्रवेश मिळणे कठीण. सर्वांनी त्यांचा कित्ता गिरवावा असे म्हणणे सोपे आहे.

एवढे सारे खोदण्याचे प्रयोजन आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिले. तो बँकेत अधिकारी आहे. घर एकत्र, आई, थोरले बंधू, त्यांचा परिवार, सारे एका छपराखाली. त्याची धाकटी मुलगी टेनिस उत्तम खेळते. तिला अमेरिकेतील एका विद्यापीठाने फी, राहणे, जेवण, पुस्तके असे सर्व देऊ केले. घरात आनंदीआनंद झाला. थोरल्या बंधूंनी विमानखर्च व वरखर्चासाठी गावाकडचा एक तुकडा विकण्याची तयारी दाखविली. कागदपत्र घेऊन तो आमच्याकडे आला. 'सर, तुम्ही एकदा वाचा. तुम्ही वाचलेत म्हणजे माझी खात्री,' असे म्हणाला. आम्ही वकील नाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये तपासण्याचे काम केले आहे, तेवढ्या अधिकारावर वाचले.

कागद प्रामाणिक होता. मुदत ऑगस्ट ते मे, एक शैक्षणिक वर्ष. पुढे वाक्य होते की, कोचच्या शिफारशीवरून साहाय्याचे नूतनीकरण होऊ शकेल. आम्ही त्यास म्हटले, 'अरे, या वाक्यातले क्रियापद पाहा. होऊ शकेल म्हणजे होईल नव्हे.' आमच्या परीने कोचची बाजूही त्यास सांगितली, नियम सांगितले, आणि एक गोष्ट विशेष करून सांगितली. शिष्यवृत्ती गेलेला अमेरिकन मुलगा तेथील सरकारचे शैक्षणिक कर्ज काढू शकतो. आपल्या मुलीस विद्यार्थी-परवान्यावर ते मिळत नाही, बाहेर मोकळेपणी नोकरीही करता येत नाही, आणि पूर्ण वेळ शिक्षण चालू न ठेविल्यास तेथे राहताही येत नाही. तिच्या बाबतीत संघातून निघणे आणि देशातून निघणे यांत फारसे अंतर नाही. तेव्हा मुदत चार वर्षांची लिहून मिळेल काय, दुखापत झाली तर वर्ष संपल्यावर काय, आणि खेळ सुटला तरी अभ्यास चालू राहील अशी सोय आहे काय, हे लेखी विचारून घ्यावे, असे आमचे मत पडले.

त्याच्या घरी हे ऐकून थोडी निराशा पसरली. थोरले बंधू म्हणाले, 'गुरुजी, एवढे खोलात गेलो तर ते दुसऱ्या मुलीला देतील.' ही भीती खोटी नव्हती. पन्नास मुली रांगेत असताना अटी विचारणारी कोणास आवडते? मुलगी स्वतः मात्र शांत होती. ती म्हणाली, 'आजोबा, विचारले म्हणून रागावणार असतील, तर हरल्यावर किती रागावतील!' मग तिनेच पत्र लिहिले. आम्ही त्यात एका स्वल्पविरामापलीकडे बदल केला नाही.

उत्तर कोचबाईंकडून चार दिवसांत आले, तेही दूरध्वनीवर. बाई मोठ्या जिव्हाळ्याने बोलल्या. मुदत एकच वर्षाची लिहिण्याची आमची पद्धत आहे, पण मेहनत करणाऱ्या कोणाही मुलीची शिष्यवृत्ती मी आजवर काढलेली नाही, असे त्यांनी सांगितले. सर्वांचे चेहरे खुलले. त्यांच्या बोलण्यावर अविश्वास दाखविण्याचे काही कारण आम्हांसही दिसले नाही. तेवढ्यात कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आजींनी विचारले, 'मास्तर, बाई भली आहे, पण ती स्वतः तिथे किती वर्षे राहणार आहे?'

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. विद्यापीठाच्या प्रसिद्ध झालेल्या माहितीवरून शोध घेता कळले की, बाईंच्या कराराची दोन वर्षे उरली आहेत. मुलीने दुसरे पत्र लिहिले आहे, या खेपेस कोचला न लिहिता शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या कचेरीला. कारण कोच बदलले तरी कचेरी तेथेच राहते. चार वर्षे नाही तर निदान दोन वर्षांची मुदत आणि दुखापतीचे कलम तिने मागितले आहे. पत्र जाऊन आज अकरा दिवस झाले. जमिनीच्या तुकड्याचे गिऱ्हाईक थोरल्या बंधूंनी तूर्त थांबवून ठेविले आहे, आणि मुलगी रोज पहाटे साडेपाचला नेमाने कोर्टावर जाते.